पुढच्या गावी सरकणारा दवाखाना

दगडखाणीच्या वस्तीतलं कुणी बसमध्ये चढलं, की दातांचा सरकारी दवाखाना एक गाव पुढे सरकत असे. त्याचं कुणाला नवल नव्हतं. तो आज कुठे आहे ते स्टँडवर खडूने लिहिलेलं असायचं. खाणमालकाची जीप निघाली तर मात्र तो बिचारा जागच्या जागी उभा राही.

भामा आठ वर्षांच्या छबीला घेऊन निघाली. लेकीची दाढ किडली होती, गाल टम्म सुजला होता. भामाने आधी दाढेवर मिश्री चोळून पाहिली होती, आणि आता त्याचीच तिला लाज वाटत होती. छबीच्या तोंडाला वास येत होता. बसमधल्या बाईने नाक मुरडलं, तशी भामा लेकीवर खेकसली, "तोंड मीट. लोक बघत्यात."

"कुठं?" कंडक्टरने विचारलं.

भामाने छबीला जवळ ओढलं. निघालेल्या माणसाला 'कुठं' म्हणून विचारू नये, एवढं वस्तीतलं शेंबडं पोरही जाणतं.

"दातांच्या दवाखान्यात," ती पुटपुटली.

"तो वडनेरला होता. तुम्ही चढलात, आता पिंपळदरीला गेला." कंडक्टरने शांतपणे तिकीट फाडलं.

त्या पिंपळदरीपर्यंत गेल्या. दवाखाना करंजाळ्याला पोचला होता.

"आई, माझ्यामुळं गेला का गं?"

"न्हाई. त्यो मेला कंडक्टर 'कुठं' म्हणाला ना, म्हणून."

पुढच्या खेपेला कंडक्टर जवळ येताच भामानेच घाईघाईने गाव सांगून टाकलं. कंडक्टर ओशाळला.

"बाई, माझ्या विचारण्यानं नाही हो सरकत तो."

"मग कशानं?"

त्याने तिकीट फाडून तिच्या हातात ठेवलं आणि तो पुढच्या सीटकडे वळला.

दिवाळीच्या सुमारास दाढेचे तुकडे होऊन पडले. दुसऱ्या दिवशी सकाळी दवाखाना वस्तीच्या हापशाशेजारी उभा होता, पाटी, खुर्ची, डॉक्टरबाई, सगळ्यासकट. भामा छबीला घेऊन धावली.

डॉक्टरबाईंनी बॅटरी मारून तोंडात पाहिलं.

"दाढच नाही उरली. ही कायमची दाढ, पुन्हा येत नाही. इतका उशीर का केलात?"

भामाला मेल्याहून मेल्यासारखं झालं. तिने हापशाकडे पाहिलं, मग स्वतःच्या पायांकडे.

"चुकलं, बाई," ती म्हणाली.

"पुढच्या वेळी लवकर या," डॉक्टरबाई म्हणाल्या.

छबीने मान डोलावली आणि आईने शिकवलं होतं तसं तोंड मिटून घेतलं.