चौथ्या चौकटीतलं टेबल

तीन दिवसांचं प्रशिक्षण घेऊन साहेब परतले ते गंभीर होऊनच. मापाचे बूट शिवणाऱ्या आपल्या छोट्या कारखान्यातली सगळी माणसं त्यांनी समोर उभी केली आणि जाहीर केलं, "आपल्याकडे काम नेमकं कसं चालतं, हे आपल्यापैकी कोणालाच ठाऊक नाही."

कोणी मनाला लावून घेतलं नाही. बूट तर होत होते.

"तेव्हा कामाचा नकाशा काढायचा. प्रत्येक काम म्हणजे एक चौकट. कागद जिकडे जातो तिकडे बाण. आणि प्रत्येक चौकटीला एक जबाबदार माणूस!" असं म्हणत साहेबांची नजर फिरली आणि सगळे जिला 'नवी' म्हणत त्या मुलीवर येऊन थांबली. "तू काढ. नीट निघाला, तर तुझ्या कायम होण्याचं बघू."

नवीला तिथे लागून अकरा महिने झाले होते, तेही हंगामी. बारावा सरला की कायमचं पत्र, नाहीतर घरचा रस्ता. आई तर तिला पायातल्या चपला काढायचीही उसंत देत नसे. "पत्र दिलं का गं?" हा प्रश्न दारातच उभा असे.

नवीने वही घेतली आणि एका कागदाचा माग धरला. एक पाय आखूड, बोटं वाकडी, टाच नाजूक अशी दुकानातला बूट न चालणारी माणसं तिथे येत. पहिल्या चौकटीत मागणी. दुसऱ्या चौकटीत मापकाका. ते पायाशी बसून माप घेत, इतक्या आदराने की गिऱ्हाईकच संकोचून जाई. तिसऱ्या चौकटीत मावशी. त्या माप सुवाच्य अक्षरात उतरवून कागद खिडकीजवळच्या टेबलावर ठेवत. तिथे तो तीन दिवस पडून राही. मग कापणारे दादा तो उचलून चामड्याला कात्री लावत.

"मावशी, हे टेबल कोणाचं?"

"तपासनीसांचं."

"ते कुठे असतात?"

"निवृत्त झाले की! माझी थोरली तेव्हा रांगत होती."

"आणि आता?"

"आता कॉलेजात आहे. हुशार आहे हो."

नवीने चौथी चौकट काढली आणि आत काहीच लिहिलं नाही. तो नकाशा बघून साहेबांना गहिवरून आलं. "सोळा-सतरा वर्षं! प्रत्येक कागदाचे तीन दिवस! उचला ते टेबल!"

टेबल अडगळीत गेलं. सात दिवसांचे बूट चार दिवसांत तयार होऊ लागले. साहेबांनी नकाशा चौकटीत मढवून भिंतीवर लावला.

दुसऱ्या आठवड्यात एक आजोबा आले. त्यांनी खोका उघडून दोन्ही बूट शेजारी शेजारी ठेवले. दोन्ही डावे.

"शिवण छान आहे," आजोबा नम्रपणे म्हणाले, "पण मला उजवाही पाय आहे."

त्यांच्यामागून एक शिक्षिका आल्या. त्यांचा डावा पाय जरासा आखूड. उंच टाच नेमकी उजव्या बुटाला बसली होती. त्या भिंतीला धरून उभ्या होत्या, आणि तक्रार करायचं सोडून नवीचीच समजूत घालत होत्या, "असू दे गं, होतं असं." ते ऐकून नवीला रडूच फुटलं.

साहेब नकाशासमोर उभे राहिले. "प्रश्न एवढाच, की नकाशा चुकला की नकाशा काढणारी?" कायमच्या पत्राचं नावही निघालं नाही.

नवी मापकाकांपाशी जाऊन बसली. "काका, आधी असं कधी व्हायचं नाही. आताच कसं?"

काकांनी फीत गुंडाळली, सोडली, पुन्हा गुंडाळली. "कोणाला सांगू नकोस. चुका मी आधीही करायचो. घरी गेल्यावर देवापुढे डोळे मिटून बसलं ना, की देव दिसायच्या ऐवजी कुणाचा तरी अंगठा दिसायचा. उजवा की डावा? मग सकाळी लवकर यायचं, टेबलापाशी जायचं, कागद काढून नीट करायचा."

"साहेबांना का नाही सांगायचं?"

"त्यांना सांगितलं की ती चूक होते, पोरी. टेबलापाशी केली की नुसती दुरुस्ती."

मावशीही कबूल झाल्या. "मी जेवणाच्या सुट्टीत जायची. सगळे डबे उघडून बसले की." आणि दादा म्हणाले, "एखादा आकडा खटकला की मी तो कागद तळाशी सरकवायचो. दोन दिवसांनी बघावं तर सरळ झालेला. कोण करतं ते मी कधी बघितलं नाही. बघायचंही नव्हतं."

नवीने सगळं साहेबांना सांगितलं, नावं तेवढी गाळून. टेबल परत आलं. पण साहेबांनी प्रशिक्षण घेतलं होतं. "चौकट आली की जबाबदार माणूस आलाच. तू बस तिथे."

नवी बसली. दोन दिवस तिथे कोणी फिरकलं नाही. मापकाका मात्र तीनदा येऊन खिडकीबाहेर बघून गेले.

"काका, काही नीट करायचंय का?"

"छे छे! वारा कसा आहे ते बघत होतो."

गठ्ठ्यात एका लहान मुलीच्या बुटांचा कागद होता आणि काकांचे डोळे त्यावरून हलत नव्हते. नवी उठली, "मी जरा पाणी पिऊन येते," म्हणाली आणि तब्बल अर्धा तास पाणी प्यायली. परतली तेव्हा कागदावरची टाच या पायावरून त्या पायावर गेली होती.

मग तिने चौथ्या चौकटीत लिहिलं: 'तपासनीस. कामाची वेळ: टेबलापाशी नसताना.' आणि साहेबांसमोर ठेवलं.

साहेबांनी ते तीनदा वाचलं. असं प्रशिक्षणात नव्हतं. पण आजोबांचे दोन डावे बूट अजून त्यांच्या कपाटावरच होते. त्यांनी सही केली, आणि दोन दिवसांनी नवीच्या हाती पत्र दिलं: 'तपासनीस पदावर आणखी एक वर्ष हंगामी.'

भांडावं? रडावं? आईला काय सांगावं? तिने यातलं काहीच केलं नाही. पत्र खिडकीजवळच्या टेबलावर, मापांच्या गठ्ठ्यात ठेवलं आणि आपल्या कामाला, म्हणजे बाहेर, निघून गेली.

पहिल्या दिवशी पत्र होतं तसंच होतं. दुसऱ्या दिवशीही. त्या संध्याकाळी दारात आईने विचारलं, "दिलं का गं?" नवी म्हणाली, "तपासायला ठेवलंय."

तिसऱ्या दिवशी जेवणाची सुट्टी झाली, डबे उघडले. मावशी नेहमीप्रमाणे उठल्या, पण खिडकीपर्यंत पोचायच्या आत उलट्या पावली परत आल्या आणि "तिथे आधीच कोणीतरी आहे," म्हणत जेवायला बसल्या. कोण, ते नवीने विचारलं नाही. सुट्टी संपल्यावर ती टेबलापाशी गेली. 'आणखी एक वर्ष हंगामी' या शब्दांवर पट्टीने आखावी तशी सरळ रेघ होती. वर लिहिलं होतं, 'कायम'. शेजारी साहेबांची छोटी सही.

ती पत्र घेऊन साहेबांच्या खोलीत गेली. साहेब फार मोठ्या कामात असल्यासारखे कोरा कागद वाचत होते.

"साहेब, ते पत्र..."

"पत्राचं काय?" साहेबांनी मान वर केली नाही. "मी दिलं तेव्हाच बरोबर होतं."

"हो साहेब," नवी अगदी गंभीरपणे म्हणाली, "बरोबरच होतं."