कुठवररावांची रजा

"मंगळवार दुपार! त्यापुढे ती पोरं माझ्याशिवाय तग धरणार नाहीत. धरला तर नाव बदलून ठेवेन!"

सोमवारी सकाळी चहाचा कप टेबलावर आपटून कुठवररावांनी बायकोला बजावलं.

खरं तर नाव बदलायचा प्रश्नच नव्हता, ते ऑफिसने कधीच बदललं होतं. गेली एकोणीस वर्षं ते एका सॉफ्टवेअर कंपनीत प्रोजेक्ट मॅनेजर होते, आणि दिवसातून चाळीसदा कुणाच्या ना कुणाच्या खुर्चीमागे उभे राहून "कुठवर आलं?" असं विचारायचे. म्हणून टीमने त्यांचं नाव कुठवरराव ठेवलं. त्यांना ते माहीत होतं. मनातून आवडायचंही.

पण आता कंपनी अ‍ॅजाइल झाली होती! म्हणजे टीमने आपलं काम आपणच ठरवायचं, रोज सकाळी पंधरा मिनिटं उभ्याउभ्या बोलायचं, आणि प्रत्येक कामाचं कार्ड संगणकावरच्या बोर्डवर एका रकान्यातून दुसऱ्या रकान्यात सरकवायचं. रकाने चार: 'करायचंय', 'चालू', 'अडलंय' आणि 'झालं'. नव्या रचनेचा तक्ता भिंतीवर लागला. त्यात टीमची चौकट होती, ग्राहकाची होती, खाली कॉफी मशीन दुरुस्त करणाऱ्याचा नंबरसुद्धा होता. मॅनेजरची चौकट तेवढी नव्हती.

"तुमची जागा कुठे, ते आपण दहा दिवसांनी सोमवारी ठरवू," संचालिका बाई म्हणाल्या होत्या. इतक्या गोड आवाजात म्हणाल्या होत्या की कुठवररावांना ती आपली हकालपट्टीच वाटली.

म्हणून हा बेत. आठवडाभर रजा टाकायची! कामाचा बोजवारा उडेल, पोरं रडकुंडीला येतील, बाईंचे डोळे उघडतील.

मंगळवारची दुपार झाली. टळली. फोन गप्प.

"अगं, मला जरा फोन लाव."

"अहो, समोर तर बसलाय!"

"वाजतो का ते बघायचंय."

वाजला. चांगला खणखणीत वाजला. फोनमध्ये काहीही बिघाड नाही हे कळल्यावर कुठवररावांना फार वाईट वाटलं. आपण नसलो तरी कुणाचं काही अडत नाही, हे पन्नाशीच्या तोंडावर कळलं की माणूस घरातल्या घरात परका होतो. ते संध्याकाळपर्यंत उगाचच कपाटं उघडून बंद करत राहिले.

बुधवारी त्यांना राहवलं नाही. नुसता बोर्ड बघायचा, हात लावायचा नाही, असं स्वतःला बजावून त्यांनी लॅपटॉप उघडला आणि आनंदाने जवळजवळ ओरडलेच. 'अडलंय'च्या रकान्यात एक कार्ड होतं! "ग्राहकाची मंजुरी आलेली नाही. तीन मेल पाठवले."

आता येणार फोन! त्यांनी फोन न्हाणीघरातही नेला. एक तास गेला, दोन गेले. कार्ड पिवळं झालं, मग लाल झालं, आणि कुठवररावांचा जीव खालीवर होऊ लागला. अरे, मेल कसले पाठवताय! ग्राहकाकडच्या त्या बाईंचं गुडघ्याचं ऑपरेशन झालंय. आधी फोन करून गुडघ्याची चौकशी करावी लागते, मग कुठे त्या कागद बघतात. ही गोष्ट कुठल्या कार्डवर लिहायची असते, तुम्हीच सांगा.

शेवटी ते गॅलरीत गेले आणि दबक्या आवाजात बोलू लागले.

"गुडघा कसा आहे आता? जिना चढता येतो? वा, वा! बरं, तुमचं एकदा 'हो' आलं ना, की माझा जीव भांड्यात पडेल. आणि मी फोन केला होता हे कुणाला सांगू नका हं."

मागे वळून बघतात तो बायको! हातात पिळलेले कपडे.

"कोण ती?"

"अगं, ती आपली... ग्राहकाची..."

"म्हणजे तुम्ही ऑफिसचं काम करताय?"

"छे छे! भलतंसलतं मनात आणू नकोस!"

"भलतंसलतं असतं तर एक वेळ समजून घेतलं असतं. पण ज्यांचं अडावं म्हणून घरी बसलात, त्यांचंच सोडवत बसलाय?"

कुठवररावांनी आत सटकून पाहिलं तर कार्ड 'झालं'मध्ये गेलं होतं.

गुरुवारी नवं कार्ड: "टेस्टिंग थांबलं आहे." कारण लिहिलेलं नव्हतं, पण कुठवररावांना ते घरबसल्या ठाऊक होतं. टेस्टर मुलीने गेल्या आठवड्यात सगळ्यांसमोर प्रोग्रॅमरच्या एक्केचाळीस चुका वाचून दाखवल्या होत्या. तेव्हापासून तो फुगून बसला होता आणि तीही हटून बसली होती.

त्यांनी आधी प्रोग्रॅमरला फोन लावला.

"माझा चष्मा ड्रॉवरमध्ये राहिलाय का, बघ रे जरा. नाही? असू दे. बाय द वे, ती परवा म्हणत होती, तुझ्याइतकं स्वच्छ काम कुणाचं नसतं."

"ती? माझ्याबद्दल?"

मग टेस्टरला. पुन्हा तोच चष्मा.

"आणि हो, तो म्हणत होता, तू नसतीस तर त्याची पार अब्रू गेली असती."

दोन्ही थापा. चष्मा नाकावर. अर्ध्या तासात कार्ड सरकलं.

शुक्रवारी आणखी दोन कार्डं मोकळी झाली. संध्याकाळी 'अडलंय'चा रकाना स्वच्छ, रिकामा दिसत होता. कुठवरराव त्याच्याकडे कौतुकाने बघत बसले, आणि अचानक त्यांच्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. आपण आपल्याच पायावर धोंडा मारून घेतला!

सोमवारी संचालिका बाईंनी पडद्यावर आलेख लावला.

"आठवड्याअखेर अडलेलं एकही काम नाही! कंपनीत हे पहिल्यांदाच घडलंय. आणि तेही मॅनेजर नसताना!"

टाळ्यांचा कडकडाट झाला. प्रोग्रॅमर आणि टेस्टर शेजारीशेजारी बसले होते. तो काहीतरी पुटपुटला आणि ती खुदकन हसली.

"ते मी केलं," कुठवरराव बोलून गेले.

"काय केलंत?"

"मंजुरी आणली. घरून. गुडघ्याची चौकशी करून."

"कुणाच्या गुडघ्याची?"

बाईंनी बोर्ड वरपासून खालपर्यंत तपासला. कुठवररावांचं नाव त्यावर कुठेच नव्हतं. असणार कसं?

"आणि टेस्टिंगचं जे अडलं होतं ना, ते तर..."

त्यांनी समोर पाहिलं. ती दोघं एकाच वहीत डोकं घालून बसली होती. आता खरं सांगितलं तर नोकरी वाचेल, पण थापा उघड्या पडतील आणि उद्यापासून ही दोघं पुन्हा दोन टोकांना बसतील. आपलं काम दाखवायचं तर ते आधी मोडावं लागतं! एकोणीस वर्षांत हे त्यांच्या कधी लक्षातच आलं नव्हतं.

"ते तर काय?" बाईंनी विचारलं.

"काही नाही. पोरांनी छान केलं."

सगळ्यांनी त्यांच्याकडे अशा दयेने पाहिलं की विचारू नका. प्रोग्रॅमर उठून त्यांच्यासाठी पाणी घेऊन आला.

"सोडून देणं जड जातं, मला कळतं," बाई हळुवारपणे म्हणाल्या. "पण आलेख स्पष्ट आहे. तुम्ही रजेवर गेलात की टीम बहरते. खालच्या मजल्यावरच्या टीमचं काम तीन आठवडे तुंबलंय. उद्या तुम्हाला त्यांचा मॅनेजर म्हणून नेमते, आणि परवापासून आठवडाभर रजेवर पाठवते!"

कुठवररावांनी पाण्याचा घोट घेतला आणि अंमळ विचार केला.

"रजा एक दिवस उशिराने सुरू केली तर चालेल का, बाई?"

"का बरं?"

"तिथे कोण कुणाशी बोलत नाही, ते कळायला एक दिवस पुरत नाही हो!"