व्हर्लिनने दाताळं विकलं

"या घरात यापुढे कुणीही एक पान झाडणार नाही!" व्हर्लिन स्टॉडर्डने दाताळं उंच धरून जाहीर केलं. गॅरेजसमोर जुन्या सामानाची विक्री मांडली होती. ही घोषणा ऐकायला गिऱ्हाईक एकच होतं, शेजारच्या मिस इमोजीन. वय ऐंशी, जन्म टेक्सासमधल्या याच गल्लीतला.

ओहायोत पस्तीस वर्षं मेपलची पानं ओढून व्हर्लिनच्या कमरेने राजीनामा दिला होता. म्हणून निवृत्तीनंतर त्याने हे घर घेतलं ते दारातला अवाढव्य ओक बघून. सदाहरित ओक! थंडीला भीत नाही, उन्हाला जुमानत नाही, पाणी मागत नाही. इतका निर्व्यसनी प्राणी त्याच्या नात्यात एकही नव्हता. हिवाळाभर ओक हिरवागार राहिला, तेव्हा त्याने कुंपणाशी आणखी तीन लावले, तेही बायकोने गुलाबांसाठी राखलेल्या जागेत.

बायकोने, कोरिनने, एकच अट घातली. "हे ओक मेले ना, तर आपण परत ओहायोला. लॉर्नाच्या शेजारचं घर रिकामं आहे."

लॉर्ना ही व्हर्लिनची मेव्हणी. तिच्या शेजारी राहण्यापेक्षा त्याने चारही ओकांना चमच्याने भरवलं असतं.

मिस इमोजीननी दाताळ्याचे दात तपासले, दांडा वाकवून पाहिला. "नक्की नकोय ना, बाळा?"

"सदाहरित आहे, मॅडम!"

"हो का," म्हणत त्या दाताळं घेऊन गेल्या.

मार्च उजाडला आणि दारातला ओक पिवळा पडला. मग पानं गळायला लागली. एखाददुसरं नव्हे, जत्रा फुटल्यासारखी. कोरिनने फक्त बहिणीला फोन लावला आणि खिडकी उघडी ठेवली.

पाणी कमी पडलं असेल, म्हणून व्हर्लिनने सोमवारी दिवसभर नळी सोडली. टंचाईमुळे झाडांना पाणी द्यायची गल्लीची पाळी बुधवारची होती. दुपारपर्यंत रहिवासी मंडळाची नोटीस दारावर चिकटली. मग त्याने दोन पोती खत ओतलं. झाडाला फरक पडला नाही, पण हिरवळसुद्धा सहानुभूतीने पिवळी पडली. पानं तो मांस भाजायच्या चिमट्याने एकेक उचलत होता.

शेवटी निदान मेलेल्या फांद्या तरी छाटाव्यात, म्हणून तो करवत घेऊन शिडीवर चढला.

"खाली ठेव ती करवत!" मिस इमोजीनचा आवाज ऐकून पलीकडची कुत्रीसुद्धा बसली. "मार्चमध्ये ओक कापतोस? ओल्या जखमेवर किडे रोग घेऊन येतात. अख्खी गल्ली बोडकी करशील!"

दारं उघडली. लोक कॉफीचे मग घेऊन, सोयीची जागा बघून उभे राहिले.

"मेलंय हो ते, मॅडम!" व्हर्लिन शिडीवरूनच म्हणाला.

"फांदीच्या टोकाला बघ, बाळा. चष्मा लावून."

टोकाला इवलेसे लालसर कोंब होते.

"दर मार्चला जुनी पानं टाकतं, दोन-तीन आठवड्यांत नवी घालतं."

"मग सदाहरित कसलं?"

"बाकी वर्षभर असतं की हिरवं! इतके दिवस सलग धड वागणारा नवरा मला दोन लग्नं करून मिळाला नाही."

खालून, फोनवर असलेल्या कोरिनचा सुस्कारा आला. "लॉर्ना, त्या घराचं राहू दे गं. जगलं मेलं झाड."

व्हर्लिनने कुंपणापाशी वाढणाऱ्या तीन रोपांकडे पाहिलं. "ही पण? दर मार्चला?"

"मोठी होऊ देत, मग बघ."

"मॅडम, दाताळं घेताना हे का नाही सांगितलंत?"

"दाताळं चांगलं होतं."

व्हर्लिन शिडीवरून उतरला, घोटाभर पानांत उभा राहिला आणि त्याने टोपी काढली.

"मिस इमोजीन, रविवारपर्यंत... जरा उसनं मिळेल का?"