मैत्री क्रीडा मंडळाची पोथी

एक गोष्ट आधीच सांगून ठेवते. मी हुशार आहे! हे मी नाही म्हणत, देवळी तालुक्याच्या वक्तृत्व स्पर्धेची ढाल म्हणते. नववीत असताना ती ढाल मला मिळाली आणि त्या दिवशी माझी मान जी ताठ झाली, ती आजतागायत वाकलेली नाही. त्याआधी मी वर्गात हजेरी द्यायलासुद्धा घाबरायची. आता हेडसर समोर आले तरी आधी मीच बोलते!

म्हणूनच पुलगावच्या आमच्या वाचनालयातल्या प्रमिलाबाईंनी मला विचारलं. प्रमिलाबाई ग्रंथपाल. गावातली जुनी घराणी, जुनी दुकानं, जुनी मंडळं यांचे कागद, फोटो, वस्तू वाचनालयाच्या मागच्या खोलीत जमवाव्यात, असं त्यांच्या मनात होतं. नाही तर सगळं रद्दीत जातं आणि कुणाच्या तरी पणजोबांच्या सहीत फुटाणे बांधून मिळतात.

"गुंजन, मदत करशील का थोडी?"

"थोडी कशाला? सगळं मीच करते!"

आणि केलंही! दोन महिने सायकलवर गल्ल्या पालथ्या घातल्या, थेट नाचणगावपर्यंत. गोटीवाली सोडावॉटरची बाटली आणली. बँडपार्टीची झालरवाली टोपी आणली. बंद पडलेल्या हॉटेलची पाटी, लग्नपत्रिका, पैलवानांचे फोटो... आणि वाचनालयाच्याच माळ्यावर सापडलं मैत्री क्रीडा मंडळाचं रजिस्टर. मंडळाच्या बैठकीत काय काय ठरलं ते त्यात लिहिलेलं. हे एवढं जाड! वाचायला वेळ कुणाला होता? मी क्रमांक टाकला आणि बाजूला ठेवलं.

माझा नियम एकच. प्रत्येक वस्तूला चिठ्ठी आणि चिठ्ठीवर देणाऱ्याचं पूर्ण नाव. एक काकू पितळी अडकित्ता घेऊन आल्या. "नाव नको लिहू वं, जाऊबाईले समजन." मी अडकित्ता परत दिला! वर सुनावलं, "काकू, इतिहासात लपवाछपवी चालत नाही!"

घरी रात्री त्या चिठ्ठ्या लिहायला बसायची. माझ्या टेबलाचा एक पाय आखूड आहे. त्याखाली आमच्या आबांनी कधी काळी सरकवलेली एक लाल चकती आहे. ती हलली की टेबल डुगडुगतं आणि माझं 'श्री' 'श्रीश्रीश्री' होतं. आबा, म्हणजे माझे आजोबा नत्थूजी, खाटेवरून म्हणायचे, "पोरी, जुने कागद नको हालवू. त्याइले उधई लागलेली बरी असते."

कागदाला वाळवी लागलेली बरी म्हणे! मला वाटलं, म्हातारपण! असो.

वाचनालयाचे अध्यक्ष प्रभाकरराव. कापडाचं मोठं दुकान, त्याहून मोठं पोट, त्याहून मोठ्या गप्पा. दर पंधरा ऑगस्टला भाषण एकच. "अडुसष्ट साली आष्टीच्या मैदानात, शेवटचा स्मॅश या हातानं मारला अन् कप पुलगावले आणला!" तो कप दुकानात गल्ल्याच्या वर काचेत ठेवलाय. हात तर ते असा दाखवतात, जसा काही हातच काचेत ठेवायचा राहून गेलाय.

तर या प्रभाकररावांना मागची खोली हवी होती. पुतण्या धर्मेंद्रच्या इंटरनेट कॅफेसाठी. दोन हजार तीन साल हे, जो तो कॉम्प्युटर बसवायला निघालाय!

"हे पाय पोरी," ते मला म्हणाले. "गुरुवारी नागपूरचे साहेब येऊन राह्यले. जुन्या कागदाइचे जाणकार हायेत. ते म्हणतीन का बरोबर ठेवलं, त खोली तुमची. नाई त सोमवारी धर्मेंद्रचं कॉम्प्युटर बसन अन् तुझी बाटली-टोपी भंगारात जाईन!"

भंगारात! माझे दोन महिने! मला असा राग आला, की त्यांच्या दुकानातलं एक थान तरी दातांनी फाडावं. पण मी हुशार. शांत राहिले.

प्रमिलाबाई म्हणाल्या, तहसिलीत जुनी दप्तरं लाल कापडात बांधून ठेवतात. झालं! आईकडून लाल कापड मागून घेतलं आणि घराण्यांचे, दुकानांचे, मंडळांचे कागद वेगवेगळे बांधले. खाली वाळवी लागते म्हणून तिन्ही गठ्ठे लाकडी पाटांवर ठेवले आणि पाट भिंतीतल्या फळीवर. लांबून बघितलं, मन भरून आलं. मग निर्धास्तपणे मामाच्या लग्नाला आष्टीला निघून गेले. चार दिवस!

आता मला सांगा, लाल कापड, लाकडी पाट, उंच फळी. हे बघून तुम्हाला काय वाटेल? तहसिलीचं दप्तर?

बुधवारी संध्याकाळी परत आले. खोलीच्या दारात चपलांचा ढीग. आतून टाळांचा आवाज. दार ढकललं आणि माझ्या तोंडातून शब्द फुटेना. माझ्या! तोंडातून!

तिन्ही गठ्ठ्यांवर हळदीकुंकू. झेंडूची फुलं. घड्यांमध्ये कडुलिंबाचा पाला खोचलेला. सगळीकडे कापराच्या वड्या. आणि समोर चक्क पेटलेली उदबत्ती! वाचनालयाच्या ओसरीत रोज दुपारी भजनाला बसणारं अख्खं महिला मंडळ आत येऊन बसलेलं, मधे धुरपतामावशी.

"उदबत्ती!" मी किंचाळले. "कागदाजवळ उदबत्ती! विझवा आधी!"

"काऊन कोकलून राह्यली वं?" धुरपतामावशी म्हणाल्या. "पोथ्या अशा उघड्या टाकून गावाले गेली. ना फूल, ना वात. आमी होतो म्हून बरं!"

"मावशी, त्या पोथ्या नाहीत! त्यात सोडावॉटरच्या कारखान्याचे कागद आहेत! व्हॉलीबॉल आहे!"

"असन."

"असन काय? देव नाही त्यात!"

"मंग आनंदाबाईची शेळी कोणं आणली?"

आनंदाबाईंनी मान हलवली. तीन दिवसांपासून हरवलेली त्यांची शेळी. त्यांनी मधल्या गठ्ठ्याला नारळ बोलला आणि तासाभरात शेळी दारात! मधला गठ्ठा म्हणजे मंडळांचा, त्यात सगळ्यात वर क्रमांक सत्तेचाळीस, मैत्री क्रीडा मंडळ.

मी प्रमिलाबाईंकडे धावले. "बाई, तुम्ही थांबवलं का नाही?"

"थांबवलं मी," त्या रडवेल्या होऊन म्हणाल्या. "तर मलाच प्रसाद वाटायला लावला."

मी गठ्ठ्याला हात घातला. माझा हात हवेतच धरला गेला.

"आंघोळ केली का?"

"मावशी, मी एसटीनं आलेय आत्ता!"

"मंग दूर हो."

माझ्या खोलीत, माझ्या गठ्ठ्याला, माझ्या आईच्या कापडाला हात लावायचा नाही! रात्रभर मी अंथरुणात उकळत होते, चुलीवर विसरलेल्या दुधासारखी.

गुरुवारी दुपारी तीनला साहेब आले. पातळसे, चष्मा, कापडी पिशवी. सोबत प्रभाकरराव, कडक इस्त्रीत. त्यांच्या मागे रुख्मिणीकाकू, म्हणजे त्यांची बायको. त्या मात्र साहेबांसाठी आल्या नव्हत्या. शेळीवाल्या पोथीच्या दर्शनाला आल्या होत्या. महिला मंडळ तर आधीपासूनच बसलेलं.

साहेबांनी चपला काढल्या. खोली बघितली. फळीजवळ गेले, वाकून बघितलं, वास घेतला. प्रभाकरराव खुदकन हसले. गेली खोली!

"एखादा गठ्ठा उघडून दाखवा," साहेब म्हणाले.

"उघडता येते," धुरपतामावशी म्हणाल्या. "पण पोथी सोडली त अध्याय पुरा कराव लागते. अर्धी वाचून बांधत नसतात."

बस्स! माझं डोकं फिरलं. वाटलं, ठीक आहे! ऐका म्हणावं! एकदा कानावर व्हॉलीबॉल पडला की कळेल यांना पोथी म्हणजे काय नि रजिस्टर म्हणजे काय. आंघोळ करूनच आले होते. मधला गठ्ठा सोडला, सत्तेचाळीस नंबरचं रजिस्टर काढलं, मधलंच पान उघडलं आणि ढाल मिळवणाऱ्या आवाजात सुरू केलं.

"मैत्री क्रीडा मंडळ! सन एकोणीसशे अडुसष्टची बैठक! ठराव पहिला! व्हॉलीबॉलची जाळी उंदरांनी कुरतडल्याने नवीन जाळी घ्यावी!"

बायकांनी हात जोडले.

"ठराव दुसरा! कॅरम बोर्डाची राणी हरवली असून तिचा कसून शोध घ्यावा!"

"अरे देवा," आनंदाबाई हळहळल्या. "राणी हारपली."

मला हसू आवरेना. कोण हा भुरटा, एवढीशी राणी पळवणारा? पण राग जास्त होता. पुढे वाचलं.

"ठराव तिसरा! आष्टी येथील अंतिम सामन्याच्या वेळी आपले कप्तान श्री. प्रभाकर हे मैदानावर हजर नव्हते..."

इथे मी थांबायला हवं होतं. पण वक्तृत्वाच्या भरात जीभ डोक्याच्या पुढे धावते.

"...शोध घेता ते आंब्याच्या झाडाखाली झोपलेले आढळले. त्यांनी सामन्यापूर्वी पानगे व वांग्याची भाजी प्रमाणाबाहेर खाल्ली होती!"

प्रभाकररावांचा चेहरा वांग्याच्याच रंगाचा झालेला.

"बस झालं!" ते ओरडले. "बांध ते!"

"अध्याय अर्धा नाई सोडत!" सगळ्या बायका एका सुरात.

"खोटं हाये ते!"

"पोथीत लिहिलेलं खोटं कसं असन?" धुरपतामावशींनी कान पकडले.

आणि मागून रुख्मिणीकाकूंचा आवाज आला. अगदी हळू. "वाच गुंजन."

मी वाचलं. खोलीचं काय होणार ते मला दिसत होतं. अध्यक्षांना असं उघडं पाडल्यावर खोली मिळते का कुठे? पण काकूंच्या डोळ्यांकडे बघून न वाचायची माझी छाती नव्हती.

"सामना आष्टीने जिंकला. श्री. प्रभाकर यांनी फोटो काढण्यापुरता कप आष्टीच्या संघाकडून मागून घेतला होता. तो त्यांनी अद्याप परत केलेला नाही. त्वरित परत करावा."

"परत करावा," बायका भक्तिभावाने म्हणाल्या.

रुख्मिणीकाकू उठल्या. "पस्तीस वर्षं!" त्या म्हणाल्या. "पस्तीस वर्षं दर दिवाळीले चिंच लावून तो कप घासून राह्यली मी! बोटं सोलून निघाली माहे! अन् तुमी पानगे खाऊन झोपले होते?"

"अवो रुख्मिणे, ऊन लई होतं..."

"उद्या आष्टीले जाचं. कप घेऊन. मी येतो संगं. अन् ही खोली इथून हालवाची नाई! धर्मेंद्राचं कॉम्प्युटर दुकानात ठेवा, कपाची जागा रिकामीच होऊन राह्यली!"

ढाल मिळाली त्या दिवशीही मला इतका आनंद झाला नव्हता. आणि तेवढ्यात साहेबांनी घसा खाकरला.

"मी विदर्भभर फिरतो," ते म्हणाले. "सगळीकडे कसर, वाळवी, ओल. पण हे जतन! कडुलिंबाचा पाला, कापूर, हळद, उंचावर लाकडी पाट, अंगावर सुती लाल कापड. आपली जुनी पद्धत, अगदी बरोबर! उदबत्ती तेवढी लांब ठेवा आणि हळदीकुंकू कापडावरच राहू द्या, बाकी उत्तम. कुणी केलं हे?"

मी एक पाऊल पुढे टाकलं. मान ताठ. तोंड उघडलं.

"मी केलं," धुरपतामावशी म्हणाल्या. "ही पोट्टी त आष्टीले लग्नात जेवत होती."

साहेबांनी शेऱ्याच्या वहीत लिहिलं, 'श्रीमती धुरपताबाई यांचे संवर्धनकार्य आदर्श.' त्यांना शाल दिली, नारळ दिला. फोटो काढला. फोटोत मी आहे, नाही असं नाही. शाल-नारळाचं ताट धरलेला तो हात माझा.

पाट कुणाचे? माझे! कापड कुणाचं? माझं! फक्त पाला आणि कापूर त्यांचा! मला इतका राग आला होता, की घरी जाईपर्यंत सायकलची घंटी एकदाही सोडली नाही.

पण संग्रह राहिला. अट एवढीच पडली, की दर गुरुवारी एक अध्याय. वाचणार कोण? मीच. दहावीचं वर्ष आहे, म्हटलं तर कोण ऐकतं!

दुसऱ्या गुरुवारी गर्दी दुप्पट. गावातल्या अर्ध्या म्हाताऱ्यांनी आपापल्या बायकांना 'नको जाऊ' म्हटलेलं, म्हणून त्या आलेल्या. आमची आईही पहिल्या रांगेत. मी ऐटीत पान उलटलं.

"पुढची बैठक! ठराव पहिला! कॅरमची हरवलेली राणी ही सामना हरल्याच्या रागातून..."

आणि मी थांबले. पुढची ओळ मी डोळ्यांनी वाचली होती.

"अध्याय अर्धा नाई सोडत वं!" मंडळ गरजलं.

"...रागातून श्री. नत्थूजी यांनी खिशात घालून घरी नेली, असा दाट संशय आहे."

आईने पदर तोंडाला लावला. मी घरी धावले. टेबल उचललं. पायाखालची लाल चकती हातात घेतली, फ्रॉकला पुसली. राणी! लहानपणापासून मी राणीच्या आधारानं शुद्धलेखन लिहीत होते!

"आबा!"

आबांनी भिंतीकडे कूस वळवली. "म्हनलं होतं ना, उधई परवडली म्हून."

राणी आता संग्रहात आहे, क्रमांक एकशे बारा. तिच्यावरही हळदीकुंकू पडतं. चिठ्ठी माझ्याच अक्षरात आहे, जरा डुगडुगती, कारण टेबल आता फारच हलतं. 'देणाऱ्याचं नाव : सांगण्याची इच्छा नाही.'

अडकित्तावाल्या काकूंच्या गल्लीतून मी सध्या जात नाही.