वाचले, समजले, मान्य

कोणताही कागद वाचण्याआधी त्यावर आपल्याआधी कोणी सही केली आहे ते पाहावे, असा त्या कार्यालयात लेखी नियम नव्हता. लेखी नव्हता म्हणूनच तो काटेकोरपणे पाळला जाई. लेखी नियम दप्तरखान्यात होते, आणि त्यांचा फडशा वाळवी पाडत होती.

या दप्तरखान्याच्या प्रमुखांना सगळे दप्तरकाका म्हणत. माणूस नाकासमोर चालणारा. त्यांची चैन एकच : दुपारी एकला उठायचे, दहा मिनिटांत घर गाठायचे, अंथरुणाला खिळलेल्या वडिलांना जेवू घालायचे आणि दोनच्या आत खुर्चीत परत. बायको दिवसभर शाळेत शिकवायला. म्हातारा मुलाच्याच हातून जेवायचा; दुसऱ्या कोणी घास पुढे केला की तोंड घट्ट मिटून घ्यायचा. काका वरवर कुरकुरत, पण त्यांना त्याचा मनातून अभिमान वाटे.

एका सोमवारी शिपाई एक परिपत्रक घेऊन फिरू लागला. पाच पाने. शेवटच्या पानावर 'वाचले, समजले, मान्य' असे छापलेले आणि खाली एक्केचाळीस कोऱ्या रेघा. गुरुवारपर्यंत त्या कोऱ्याच होत्या. लेखापाल म्हणाले, "आधी आवक विभागाची होऊ दे." आवक विभाग म्हणाला, "आम्ही काय, लेखापालांच्या मागोमाग आहोतच." उपप्रमुख बाईंना तर तो कागद दारात दिसला तरी खोकल्याची उबळ यायची.

शुक्रवारी शिपायाने कागद दप्तरकाकांच्या टेबलावर टाकला आणि तो पाणी प्यायला गेला. काका नोंदवही लिहीत होते आणि नेमके त्यांचे पेन अडले. त्यांनी हाताला आलेल्या कागदाच्या तळाशी दोन-तीन वेटोळी काढली, पेन उमटू लागले तसे ते पुन्हा वहीत डोके घालून बसले. शिपाई परत आला. पहिल्या रेघेवर शाई पाहून त्याने सुटकेचा निःश्वास टाकला आणि कागद उचलून तो पसार झाला.

"दप्तरकाकांनी केली?" लेखापाल म्हणाले. "मग वाचूनच केली असणार. तो माणूस दिवसभर दुसरं करतो काय?" आणि त्यांनी सही ठोकली. लेखापालांची पाहून आवक विभागाने केली, तीन सह्या पाहताच बाईंचा खोकला थांबला. विसाव्या सहीपर्यंत 'हा निर्णय खरं तर फार आधी व्हायला हवा होता' असे सर्वांचे मत झाले होते. तिसाव्या सहीनंतर, ज्यांची राहिली होती त्यांच्याकडे लोक जरा वेगळ्या नजरेने बघू लागले. आजारपणाच्या रजेवर असलेली टंकलेखिका ताप अंगावर घेऊन रिक्षाने आली आणि सही करून गेली. निर्णय कसला, हे तिने विचारले नाही. विचारले असते तरी सांगणार कोण?

सोमवारी आदेश निघाला. दप्तरखाना बंद. जुनी कागदपत्रे शहराबाहेरच्या गोदामात, आणि त्यांच्यासोबत दप्तरकाकाही. दोन बस बदलून जायचे, वेळ सकाळी आठ ते संध्याकाळी सहा. काकांच्या पायाखालची जमीन सरकली. दुपारी एक वाजता दाराकडे डोळे लावून पडलेला बाप त्यांना दिसू लागला. ते तडक साहेबांकडे गेले.

"साहेब, ती सही नव्हती. मी पेन चालतंय का ते बघत होतो."

"मग चाललं का?"

"चाललं."

"झालं तर." साहेब अतिशय प्रेमळपणे म्हणाले. "काका, एक्केचाळीस लोकांना मान्य आहे आणि त्यात पहिले तुम्ही. हरकत घ्यायची तर तीन दिवस आहेत. पाच सह्या आणा, मी स्वतः आदेश फाडतो."

काकांनी मोत्यासारख्या अक्षरात हरकतीचा अर्ज लिहिला. लेखापालांनी तो अथपासून इतिपर्यंत वाचला. कागद वाचण्याची सवय नसल्याने त्यांचे डोळे पाणावले.

"हा तर सरळसरळ अन्याय आहे हो काका."

"मग करा सही."

"करतो की. आधी कोणी केलीय?"

"कोणीच नाही."

"असं होय," लेखापालांनी अर्ज हळूच परत सरकवला. "दोन-चार होऊ द्या. मी कुठे पळून जातोय?"

बाईंचा खोकला उलटला. शिपाई तेवढा खरे बोलला. "मी आत्ता केली असती काका, पण पहिलीच सही शिपायाची म्हणजे तुमच्याच अर्जाची किंमत जाईल."

तिसऱ्या दिवशी दुपारी काकांनी वडिलांना भरवता भरवता सगळे सांगून टाकले. म्हाताऱ्याने शांतपणे ऐकून घेतले.

"गोदामाला मान्यता किती जणांची?"

"एक्केचाळीस. मला धरून."

"आणि तुझ्या अर्जावर किती?"

"एकही नाही."

"मग बाकीचे चाळीस काय खुळे आहेत? चार लोकांत राहायचं तर चार लोकांसारखं वागावं. जा तू गोदामात."

"आणि तुम्हाला दुपारी कोण भरवणार, बाबा?"

"शेजारी त्यांच्या म्हातारीचं काय करतात?"

"सकाळीच डबा उशाशी ठेवून जातात."

"मग माझ्याही ठेव," म्हातारा म्हणाला आणि त्याने भिंतीकडे तोंड फिरवले. वाटीतले अर्धे जेवण तसेच राहिले होते.

ते कार्यालयात परतले तेव्हा मुदत संपायला तीन तास होते. त्यांनी अर्ज पुढे ओढला. पाच रेघा. आपली सही तरी करावी म्हणून पेन टेकवले आणि हात थबकला. नुसती एकच सही, तीही आपलीच, कशी दिसेल? आणखी एखादी पडली की करू, असे म्हणून ते दाराकडे पाहत बसले. पाच वाजता शिपाई आला आणि अर्ज साहेबांकडे घेऊन गेला. साहेबांनी वर शेरा मारला : 'हरकत कोणाचीच नाही.'

हसताय ना? हसा. पण साहेब माणूस चांगला आहे, सही दिसली तर मुदत अजूनही वाढवतील. म्हातारा रोज एकला दाराकडे बघतो, डब्याला हात लावत नाही. इथवर वाचलेत म्हणजे तुम्हालाही हा अन्याय वाटला असणार. या गोष्टीखाली जागा कोरी सोडली आहे. घ्या पेन.

काय म्हणालात? आधी कोणी केलीय?