झंबोराचा भूकंप

चर्रर्र.

भर दुपारी, लाईट गेल्यानं पंखासुद्धा गप्प असताना, गोधडीखालून एवढाच काय तो आवाज आला. पाकीट फाटल्याचा.

पण आवाज झाला हीच लुंबिनीच्या दृष्टीनं नामुष्की होती! अख्ख्या लातुरात आपल्याइतकं बिनआवाजी पाकीट फोडणारं दुसरं माणूस नाही, असा तिचा दावा होता, आणि तो काही पोकळ नव्हता. शेजारी पाच वर्षांची इरा, जिची झोप कांद्याच्या पापुद्र्याहून पातळ. पलीकडच्या खोलीत सासूबाई पार्वतीबाई, ज्यांना ओट्यावरून मुंगी घसरली तरी जाग येते. वरच्या दोन मजल्यांवर डॉक्टर व्हायला आलेली, भाड्यानं राहणारी वीस पोरं. अशा कडेकोट बंदोबस्तात तिनं आजवर ढिगानं पाकिटं फोडली होती. नखं कापायची कात्री, वरून गोधडी आणि रोखलेला श्वास! या शहरात कशाकशाचे क्लास निघालेत. लुंबिनीनं पाकीट फोडायचा काढला असता तर पहिलीच बॅच हाऊसफुल्ल गेली असती.

पाकिटात असायची खेळायची कार्डं. राक्षसांची. सुरुवात इरानं केली होती. शरणप्पाच्या स्टेशनरीच्या दुकानात ती पहिल्या पाकिटासाठी जमिनीवर लोळली, दुसऱ्यासाठी रुसली आणि तिसऱ्यापर्यंत कंटाळून रंगीत खडूंकडे वळली. लुंबिनी मात्र आत शिरली ती शिरलीच! घरात अजूनही त्यांना ‘इराची कार्डं’ म्हणत. इराला त्यांना हात लावायची परवानगी नव्हती, हा भाग वेगळा.

या सगळ्या राक्षसांत एक होता झंबोरा. डोंगराएवढं धूड, तोंडातून आगीचे लोळ, पायाखाली चेंगरलेलं गाव. असे सात झंबोरे लुंबिनीकडे होते आणि सातांतला एकही तिला नको होता. कारण याच कार्डाचं एक दुर्मीळ भावंड निघतं. नाव तेच, ताकद तीच, खेळताना फायदा शून्य. चित्र तेवढं दुसऱ्याच चित्रकारानं काढलेलं. वरची पोरं त्याला ‘ऑल्टर्नेट आर्ट’ म्हणायची, आणि म्हणताना उगीच आवाज खाली आणायची.

त्या चित्रात झंबोरा झोपलेली असते. होय, झोपलेली! ती आई असते. जग जाळून आलेली, जरा लवंडलेली. आणि तिच्या पोटावर पालथं पडलेलं एवढंसं पिल्लू, तोंडातून लाळेऐवजी ठिणगी गळतेय. इरा तापानं फणफणली होती तेव्हा तिला अंगावर घेऊन बसल्या बसल्या लुंबिनीनं हे चित्र मोबाईलवर पाहिलं आणि ताप उतरेपर्यंत ती तेच बघत राहिली. हे काढणाऱ्याच्या घरी लेकरू असणार! पैजेवर असणार!

तर, गोधडीत कार्डं निघाली. पहिलं, ढब्बू बेडूक. दुसरं, ढब्बू बेडूक. तिसरा पुन्हा तोच, आता जरा ओशाळलेला. चौथा एक काटेरी कांदा. आणि पाचव्या कार्डाच्या कडेला काहीतरी चमकलं.

ठिणगी.

इथून पुढं लुंबिनीनं उडी मारली असं म्हणणं तिच्यावर अन्याय करणारं आहे. उडीच तिला घेऊन गेली! गोधडीसकट ती दिवाणावर हातभर वर गेली आणि धप्पकन खाली आली. दिवाण सरकला, मागच्या कपाटावर आपटला. आणि कपाटावर होतं पार्वतीबाईंचं यंत्र.

यंत्र म्हणजे उलटा तांब्या, तांब्याच्या बुडावर वाटी, वाटीत उभा पेला. त्र्याण्णवच्या भूकंपानंतर घरोघरी माणसं अशी उतरंड रचून झोपायची. जमीन हलली की माणसाच्या आधी भांड्याला कळतं म्हणून. वर्षं गेली, लोकांनी पेले पाणी प्यायला घेतले. पार्वतीबाईंनी घेतले नाहीत. त्या पहाटे वर्षाच्या लेकाला, आनंदराजला, ढिगाऱ्यातून ओढून काढलेल्या बाईला यावर कोण काय बोलणार? लुंबिनीही यंत्राभोवतीची धूळ तेवढी फडक्यानं पुसायची.

टण्ण! ठण्ण! खळ्ळ्‌ खळ्ळ्‌ खळ्ळ्‌!

“भूकंऽऽप!” पलीकडच्या खोलीतून आरोळी आली. “लुंबिने! लेकराला घे! भाईर पळ!”

लबाडी नको, क्षणभर लुंबिनीलाही तो भूकंपच वाटला. तिनं कार्ड दोन बोटांनी, फक्त कडांना धरून उचललं. दारामागच्या खुंटीवर सासूबाईंची भूकंपाची पिशवी कायम तयार टांगलेली असे. त्यात बॅटरी, कागदपत्रं, चादर, फुटाणे आणि गूळ. घरातली सगळ्यात सुरक्षित जागा! तिच्या बाहेरच्या कप्प्यात तिनं कार्ड सरळ, न वाकू देता सरकवलं. मग वळून इराला उचललं. इरा जागी होती. बसून सगळं टुकूटुकू बघत होती.

पुढच्या क्षणी पार्वतीबाईंनी पिशवी ओढली आणि ताट बडवत जिन्याकडे धावल्या. “उतरा रे पोरांनो! पुस्तकं ऱ्हाऊ द्या, जीव घ्या!”

पोरं उतरली ती गोणीतून बटाटे सांडावेत तशी! कुणी टॉवेलवर, कुणी अर्ध्या दाढीचा फेस घेऊन. धर्माबादचा सिद्धेश्वर, तिसऱ्यांदा परीक्षेला बसलेला, रिकामी बादली कवटाळून आला. ती कशासाठी, हे त्यालाही सांगता येईना. समोरच्या मोकळ्या प्लॉटवर बघता बघता गल्ली जमली.

आणि तिथं, वारा लागल्यावर, लुंबिनीच्या डोक्यात लख्ख उजेड पडला. दिवाण. कपाट. पेला.

अगं बाई!

“आत्या,” ती सासूबाईंच्या कानाशी लागली, “मला काय वाटतं...”

“वाटायचं मागून वाट! आधी लेकराला झाडाखालून काढ!”

तेवढ्यात समोरचे शेषेराव आले. कचेरीतून निवृत्त झालेले. कुठल्याही आपत्तीचा पंचनामा अजूनही तेच करत. “मी खुर्चीत होतो,” ते म्हणाले. “खुर्ची उत्तरेकडून दक्षिणेकडे गेली. स्पष्ट! चारच्या खाली नसणार.”

“आमची तर बादली हलली,” सिद्धेश्वर म्हणाला. बादली अजून त्याच्याच हातात होती आणि हात थरथरत होते, त्यामुळं पुरावा सगळ्यांना दिसला.

फोन वाजला. नवरा, आनंदराज. तो क्लासमध्ये जीवशास्त्र शिकवायचा.

“लुंबिनी! सगळे बरे आहात ना? इथंबी जाणवला! मी फळ्यावर बेडकाचं हृदय काढून राहिलो होतो, रेघ वाकडी गेली!”

“अहो, तुमची रेघ रोजच...”

“क्लास बंद केला! पाचशे पोरं रोडवर आणलीत! ठेवतो!”

ठेवला तोच नांदेडहून भाऊ. “ताई, नांदेडलाबी बसला हादरा! आमची पूर्ण गल्ली भाईर हाय!”

“तुला जाणवला?”

“मी झोपलो होतो. पण जाणवला!”

लुंबिनीनं फोनकडे असं पाहिलं, जणू तोच हलत होता. आपण कितीही लठ्ठ झालो असलो, तरी आपली उडी नांदेडला पोचेल हे तिला पटेना!

इकडे पार्वतीबाईंचा दरबार भरला होता. जी गल्ली यंत्राला हसायची, तीच आता त्यांच्यापुढं हात जोडून उभी.

“काकू, तुम्ही होत्या म्हणून!”

“आजी, वाटी कोणती घ्यायची? स्टीलची चालते का?”

“चालती. पर पेला हलका पायजे,” पार्वतीबाई म्हणाल्या. डोळ्यांत पाणी, मान ताठ! “तीस वर्सं हसले लोक. म्हातारी भांडी खेळती म्हनले. आज इज्जत राखली बगा पेल्यानं.” आणि भेदरलेल्या पोरांना काहीतरी द्यावं म्हणून त्यांनी पिशवी उघडली. “घ्या रं. पोटात काय असलं की भ्या कमी वाटतं.”

फुटाण्यांत हात घालायचा तर हात धुळीनं भरलेले. पळी नाही. वाटी यंत्रात गेलेली. पार्वतीबाईंनी बाहेरचा कप्पा चाचपला आणि त्यांना एक छान, ताठ, चमकदार पुठ्ठा सापडला.

“आत्या, नकोऽऽ!”

“कामून? सगळ्यांना पुरतेत!”

आणि त्यांनी तो मधोमध वाकवला, पन्हळ केली, खर्रकन फुटाण्यांत खुपसली! मग त्याच धारेनं गुळाचा खडा फोडला! लुंबिनी डोळे मिटून उभी राहिली. झंबोरानं गावं चिरडली होती, पर्वत वितळवले होते, पण भेलीचा गूळ फोडायची वेळ तिच्यावर कधी आली नव्हती. दर पोरामागं एक खर्र. पोरं वीस. एकेका खर्रबरोबर लुंबिनीचा एकेक कोपरा दुमडत होता.

आणि मग सिद्धेश्वरनं मोबाईलवरून मान वर केली. “काका, सरकारी साईटवर काहीच नाही. कुठंच नोंद नाही. ते लिहितेत, अफवांवर विश्वास ठेवू नका.”

शेषेराव खाकरले. “मी म्हणालोच होतो. खुर्ची जुनी आहे.”

“मलाबी काही जाणवलं नव्हतं,” मघाशी तीन वेळा चक्कर आलेल्या शेजारीण नीलाबाई म्हणाल्या.

कुणीतरी फिसकन हसलं. हसू पोरांत उतरलं, पोरांतून बायकांत गेलं. “काकू, मांजर गेलं असेल कपाटावरून!” “नाहीतर भांड्यांनाच म्हातारचळ लागला!” शेषेराव पंचनाम्याच्या सुरात म्हणाले, “पार्वतीबाई, आता पुरे झालं. काढून टाका ते कपाटावरचं. उगी लोकांना बेजार.”

पार्वतीबाईंनी पिशवीचं तोंड बांधायला घेतलं. गाठ बसेना. मग त्यांनी ती नुसतीच छातीशी धरली, लेकराला धरावं तशी.

लुंबिनीला आता दोन गोष्टी दिसत होत्या. गप्प राहिलं तर ‘इराची कार्डं’ इराचीच राहणार होती. आणि घरी गेल्यावर तांब्या तांब्याच्या जागी जाणार होता, वाटी वाटीच्या, आणि ही बाई रात्रभर टक्क जागी.

“मी केलं!” ती ओरडली. जरा जास्तच मोठ्यानं. पलीकडच्या गल्लीनंही मान वळवली. “मांजर नाही, काही नाही! मी दिवाणावर उडी मारली! कपाट हललं!”

“उडी?” शेषेरावांनी चष्मा सारखा केला. “कशापायी?”

“आनंदानं.”

“या वयात?”

“कार्ड मिळालं म्हणून! दुसऱ्या चित्राचं! इराचं नाही, माझं! मी जमवते! किती दिवस त्याच्या मागं होते मी, आणि... आणि आत्यांच्या हातात आहे ते!”

सगळ्यांचे डोळे पुठ्ठ्याकडे गेले. सिद्धेश्वरनं पुढं होऊन वाकून पाहिलं, आणि त्याच्या हातातली बादली दणदिशी पडली.

“वहिनी! झोपलेली झंबोरा?! खरी?!”

“काय?!” वीसच्या वीस पोरं उसळली. “दाखव! पिल्लूवाली? लातुरात निघाली?!” एकानं दुसऱ्याला मिठी मारली, टॉवेलवाला टॉवेल सांभाळून नाचायला लागला. भूकंपाला घाबरली नसतील एवढी पोरं आनंदानं थरथरत होती. “वहिनी, कोणत्या दुकानात? पाकीट वरचं घेतलं की खालचं?”

पार्वतीबाई मात्र सुनेकडे बघत होत्या. लुंबिनीनं मान खाली घातली. आता जे येईल ते.

“थांब थांब,” त्या सावकाश म्हणाल्या. “तू दिवानावर उडी मारली.”

“हो आत्या.”

“उडी दिवानावर. आन्‌ पेला कपाटावरचा पडला.”

“हो.”

पार्वतीबाईंचा चेहरा उजळत उजळत गेला. त्या गर्रकन शेषेरावांकडे वळल्या. “ऐकलं का हो, सायेब! एका बाईच्या उडीनं वाजलं माझं यंत्र! एका बाईच्या! मंग खरा भूकंप आला तं काय वाजंल!”

शेषेराव चष्मा पुसायला लागले. नीलाबाईंनी तर तिथंच विचारलं, हलका पेला बाजारात कुठं मिळतो.

पार्वतीबाईंनी पन्हळ सरळ केली. चित्र डोळ्यांपासून लांब धरून, मग जवळ आणून पाहिलं. “लई दमलेली दिसती गं ही,” त्या हळू आवाजात म्हणाल्या. “आन्‌ लेकरू कसं बिनघोर.” चित्रावर गुळाचा डाग होता. त्यांनी अंगठ्याला थुंकी लावली आणि पदरानं खसाखसा पुसलं. वीस पोरांच्या तोंडून एकदमच “आजीऽऽ!” असा हंबरडा फुटला.

“घ्या. सोच्छ झालं!” त्यांनी कार्ड इराच्या हातात दिलं.

लुंबिनीनं श्वास सोडला. चार कोपरे गेलेले, मधोमध घडी, आणि पिल्लाच्या नाकावर एक फुटाण्याचं साल. पण झोपली होती दोघं, तशीच, एकमेकांवर. आणि आत्या हसत होत्या. एवढ्यावर सुटलो म्हणायचं! ती इराच्या शेजारी उकिडवी बसली.

“आवडली?” तिनं विचारलं.

इरानं झंबोराकडे पाहिलं, पिल्लाकडे पाहिलं. मग आईकडे. आजूबाजूला सगळे कौतुकानं थांबलेले, आजी, शेषेराव, टॉवेलवाला.

“आई,” इरा म्हणाली, “आजी तर म्हणाली होती, लेकराला घे. मग तू आधी हिला का घेतलंस?”