ग्रंथपाल मथुराबाईंनी महाराजांस अडवून धरिले, त्याची बखर

श्रीशारदा प्रसन्न. वाळवी, दमट हवा आणि पाने दुमडणारे हात यांपासून ग्रंथांस राखणारे जे कोणी दैवत असेल, तेही प्रसन्न. शके एकोणीसशे चौतीस, नंदननाम संवत्सरी विद्येचे एक राज्य होते, तेथे कुलगुरूंस महाराज म्हणत आणि कुलसचिवांस दिवाण, आणि त्या राज्याच्या ग्रंथालयगडावर मथुराबाई खानझोडे किल्लेदार होत्या. त्यांची हकीकत ऐकिली तैशी लिहिली आहे.

बाईंचा दरारा ऐसा की छताचा पंखादेखील दबकत फिरे. आणि राज्याचे काम उरकले की बाई तर्जुमा करीत. दूर दर्यातील एका बेटावरच्या कोळणींच्या अंगायांचे पुस्तक गडावर होते, मुलखात त्याची दुसरी प्रत नाही आणि ती भाषा जाणणारे बाईंवाचून दुसरे मनुष्य नाही. तरुणपणी काम हाती धरिले, केस पिकले, आणि मग शेवटची अंगाई तेवढी राहिली. बाई एकेक ओळ जात्यात दाण्यांची वैरण घालावी तैशी हळूहळू घालीत आणि मोठ्याने म्हणून पाहत, आणि 'शांतता राखा' ही पाटी त्यांच्याच डोक्यावर टांगलेली असे.

ते समयी महाराजांस निद्रानाश जडला होता. स्वारी गडाच्या पाहणीस आली, बाई गुणगुणत होत्या, आणि महाराज उभ्या उभ्या दिवाणजींच्या खांद्यावर मान टाकून गाढ निजले. मग जागे जाहले आणि बोलिले, "या ग्रंथात झोप आहे. आम्ही नेतो."

"महाराज, माझी शेवटची अंगाई राहिलीय त्यात. लवकर परत करा."

"करतो हो," म्हणोन स्वारी निघाली, आणि ग्रंथ काही आला नाही. महाराजांनी तो उशाशी ठेविला, छातीवर ठेविला, दुधात कालवून घेण्याचाही बेत केला, तो राणीसाहेबांनी हाणून पाडिला. झोप येईना, आणि उद्या येईल या आशेने ग्रंथ सोडवेना. बाईंनी स्मरणपत्रे धाडिली, त्यांची महाराजांनी ग्रंथात खूण म्हणोन योजना केली.

मग महाराजांस याहून थोर राज्याचे बोलावणे आले. परंतु इकडच्या राज्याचा रिवाज ऐसा की विद्यार्थी असो वा महाराज, ग्रंथालयाचा ना-देणी दाखला मिळाल्यावाचून कोणी जागा सोडू नये. ही एकच तोफ बाईंपाशी होती, ती त्यांनी डागिली. सही नाही! इकडे नवे महाराज हारतुरे घेऊन दाखल जाहले, जुने उठेनात, आणि मग एका खुर्चीवर दोन महाराज बसो लागले. एकाने हुकूम द्यावा आणि दुसऱ्याने फिरवावा, आणि चहा कोणासमोर ठेवावा या विवंचनेत शिपायाने तो आपणच प्यावा. दिवाणजी घाम पुशीत गड चढोन आले.

"बाई, एक सही तर करायची! एवढं काय त्यात?"

"पुस्तक आणा, सही न्या."

"अहो, महाराज आहेत ते!"

"असतील. कार्ड माझ्याकडे आहे त्यांचं."

"दुसरं घ्या हो! तेवढ्याच जाडीचं आणून देतो."

"दिवाणजी, तुमचं पोर जत्रेत हरवलं, तर त्याच उंचीचं दुसरं घरी न्याल का?"

दिवाणजी गड उतरो लागले, आणि मग बाई दाखला घेऊन स्वतः त्यांच्यामागे दरबारी चालत्या जाहल्या. दुपारची वेळ. नवे महाराज कळवळून म्हणाले, "अहो ताई, माझा अर्धा देह खुर्चीबाहेर आहे!" जुने महाराज ग्रंथ कवटाळून म्हणाले, "नेऊ नका, बाई. यातली झोप अजून निघाली नाही." बाईंनी ते डोळे पाहिले. आईची वाट पाहून लाल झालेले पोराचे डोळे असावेत, तैसे. मग बाई हळू म्हणाल्या, "नेत नाही. उघडा, तुमच्याच हातात राहू द्या. शेवटचं पान काढा."

महाराजांनी पान काढिले. बाई वाचीत, अडत, शब्द जिभेवर घोळवीत, आणि पुन्हा म्हणत.

"गवसली म्हणू, की गावली?"

"गावली बरं वाटतं," दिवाणजी जांभई देत बोलिले.

आणि मग ओवी आली:

निजला थोर दर्या, निजली त्याची लाट,
बाळाच्या पापणीला गावली घरवाट.

प्रथम जुने महाराज निजले, मग त्यांच्या खांद्यावर नवे, आणि मग दिवाणजी भिंतीस टेकोन. बाईंनी ओवी कागदावर उतरिली, ग्रंथ हळूच सोडविला, दाखल्यावर सही केली, आणि ओवी व दाखला दोन्ही जुन्या महाराजांच्या खिशात घातली. ते निजल्या ठायीच मोटारीत घालोन थोर राज्यास रवाना जाहले.

एकूण वृत्त इतके, की ग्रंथ गडावर सुखरूप आहे, नवे महाराज खुर्चीवर ऐसपैस आहेत, आणि तर्जुमा छापोन निघाला. एका थोर पंडिताने अभिप्राय लिहिला की, 'दुसऱ्या पानापुढे जागे राहवत नाही.' तो वाचोन बाईंनी गडावर पेढे वाटिले.